चाचणीतला आवाज

ताईने हेडफोन कानांवरून ओढून काढला.

"आवाज उशिरा येतोय. मी गाते इथे आणि कानात मागून कुणी दुसरीच गातेय. गाढवा, कालपर्यंत काय झोपा काढत होतास?"

धाकट्या भावाने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. एकाच मशीनवर त्याने दोन ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्या होत्या. जुनीवर रेकॉर्डिंग स्वच्छ व्हायचं, पण गाणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज किंचित उशिरा पोचायचा. नवीवर उशीर जवळजवळ नव्हता, पण मधेच तडतड उठायची. एरवी त्याने आठवडाभर दोन्ही ताडून पाहिल्या असत्या. आज चार वाजता ताईला हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं आणि उद्या डॉक्टर तिचं स्वरयंत्रच काढणार होते. अडीच वाजून गेले होते.

नवी सिस्टिम सुरू झाली. ताई बसक्या आवाजात पुन्हा गायली आणि ऐन समेवर तडतडलं. धाकट्याने कपाळावर हात मारला.

"अहो, जरा पाणी द्या," ताई माइकसमोरूनच म्हणाली.

हॉस्पिटलची पिशवी मांडीवर घेऊन बसलेले भावोजी उठले, पाणी देऊन परत कोपऱ्यात बसले.

नऊ चाचण्या झाल्या. ताईचा आवाज चिरत चालला, तसा धाकटा मनातून पार हादरला. शेवटी तो जुन्या सिस्टिमवर परतला.

"ताई, एक कान उघडा ठेव. हेडफोनमध्ये मी नुसती साथ देतो, तुझा आवाज देतच नाही. खोलीतलाच ऐक."

"हे आधी सुचलं नाही शहाण्याला?"

ती सहा मिनिटं गायली. कुठे उशीर नाही, तडतड नाही. हेडफोन ठेवून ती चपला घालायला बाहेर गेली.

धाकट्याने सवयीने नऊही चाचण्यांची रेकॉर्डिंग निवडली. काढून टाकायची का, असं पडद्याने विचारलं, तोच भावोजींनी त्याचं मनगट धरलं.

"ते नको काढूस."

"अहो भावोजी, गाणं वेगळं ठेवलंय. यात नुसती तडतड आणि तिची बोलणी आहेत."

"तेच म्हणतोय. गाण्यात ती मला हाक मारत नाही."

धाकट्याने माउसवरचा हात काढला.

"अहो, येताय ना?" बाहेरून ताईचा आवाज आला.

भावोजी दाराकडे बघत उभे राहिले. तिने दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा त्यांनी पिशवी उचलली.