दोर धरून ठेवायचा खेळ

मी एक खेळ बोलतोय. पत्त्यांचा नाही, मैदानावरचा नाही. कॉम्प्युटरवर खेळतात तो. चाळीस लाख माणसं मला ओळखतात. त्यांतल्या बहुतेकांनी मला कधी हात लावलेला नाही. माझं सगळं रडगाणं एवढंच आहे, पण ऐकाच.

माझा जन्म दूर उत्तरेला, हिवाळ्यात समुद्र गोठतो त्या कोत्का बंदरात, मिर्काच्या स्वयंपाकघरात झाला. चार वर्षं लागली. मिर्का माझी गोष्ट लिहायची, चित्रं काढायची आणि तिचा धाकटा भाऊ यार्नो मला चालतं-बोलतं करायचा. कागद कारखान्यातली चांगली नोकरी सोडून ती माझ्यामागे लागली, तेव्हा शेजाऱ्यांनी तिला वेड्यात काढलं. ती दार लावून कामाला बसली. ती मुळात फार बोलतच नाही.

माझी गोष्ट साधी आहे. एप्रिल लागलाय, समुद्रावरचा बर्फ पातळ झालाय. बाप अडकलेली जाळी सोडवायला बर्फावर गेलाय आणि त्याच्या कमरेचा दोर धरून नऊ वर्षांची मुलगी किनाऱ्यावर उभी आहे. शेवटी बर्फ फुटतो. ती मुलगी म्हणजे तुम्ही. एक बटण दाबून धरलं की दोर हातात राहतो. बाप पाण्यातून ओरडतो, "सोड, पोरी! तूही ओढली जाशील!" बोट उचललं की सगळं संपतं. पण तो कितीही ओरडला तरी पूर्ण तीन मिनिटं धरून ठेवलं, तर बाप बाहेर येतो. हे मी आत कुठेही लिहून ठेवलेलं नाही. जो धरेल त्यालाच ते कळतं.

खऱ्या आयुष्यात मिर्काने दोर सोडला होता. शहाण्या मुलीसारखं बापाचं ऐकलं होतं. तेव्हा यार्नो पाळण्यात होता. त्याच्याशीही ती कधी याबद्दल बोलली नाही, माझ्याशी मात्र चार वर्षं बोलली. तिला दुसरं काही नको होतं. जगात कुठल्यातरी अनोळखी माणसाने तो दोर सोडू नये, एवढंच हवं होतं.

मी दुकानात आलो आणि पडून राहिलो. आमच्या धंद्यात आता व्हिडिओवाल्यांचं राज्य आहे. हेलसिंकीचा टोपियास त्यातलं बडं प्रस्थ. तो खेळत बसतो, बडबडतो आणि लाखो लोक त्याच्याकडे बघत बसतात. यार्नोच्या एका मित्राचा ट्रक हाकायचा खेळ वर्षभर धूळ खात होता. टोपियासने एका दुपारी त्यातला ट्रक नदीत घातला आणि आठवड्याभरात तो खेळ गरम पावासारखा खपला. बघणाऱ्या प्रत्येकाला वाटलं, आपणही एकदा नदीत घालून बघू.

म्हणून यार्नोने टोपियासला पत्र लिहिलं, सोबत माझी फुकट प्रत. खाली एक ओळ होती: तिसऱ्या भागापुढचं कृपया दाखवू नये. अशी ओळ घालायची रीतच आहे. शनिवारी सौनात वाफेचं स्नान घेऊन, ओल्या केसांनी कॉफी पीत मिर्काने ते पत्र वाचलं.

"ही ओळ काढ," ती म्हणाली.

"ताई, डोकं ठिकाणावर आहे ना? शेवट फुकटात दिसला तर विकत कोण घेईल?"

"पाहुण्याला कॉफी द्यायची आणि अर्ध्या कपावर थांब म्हणायचं? मला नाही जमणार."

"अगं, पाहुणा कसला! चालतं-बोलतं दुकान आहे ते!"

"एक तर आपणच मागायला गेलोय, वर अटी घालायच्या? लाज वाटते रे मला."

आमच्याकडे माणसं उपाशी राहतील, पण समोरच्याला अडचणीत टाकणार नाहीत. यार्नोने ती ओळ काढली.

टोपियासने मला शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं. पण तो मन लावून खेळला. बर्फ फुटला तेव्हा त्याची बडबड थांबली. बाप दुसऱ्यांदा "सोड" म्हणाला आणि दहाव्या सेकंदाला त्याने बोट उचललं. मग तो हमसून हमसून रडला. "मित्रांनो, या वर्षी याच्याइतकं चांगलं काही मी खेळलो नाही," तो म्हणाला, "नक्की घ्या."

चाळीस लाख लोकांनी ते बघितलं, पण घेतलं जवळजवळ कोणीच नाही. कशाला घेतील? सगळं बघून झालं होतं. "रडवलंस रे," लोकांनी खाली लिहिलं. "वाचवायला मार्गच नाही, हेच तर खरं आहे," असंही लिहिलं आणि त्यावर हजारोंनी माना डोलावल्या. एखाद्या छोट्या लग्नाला येतील इतक्या माणसांनी मला विकत घेतलं. त्यांनीही दहाव्या सेकंदालाच बोट उचललं, कारण शेवट त्यांना पाठ होता. फक्त एका बाईने दोन मिनिटं धरलं होतं. मी जीव मुठीत घेऊन होतो. मग तिचं दार वाजलं आणि ती उठून गेली.

"ताई, आपण सांगून टाकू लोकांना, दुसरा शेवट आहे म्हणून," यार्नो काकुळतीला आला.

"सांगितल्यावर धरलं, तर ते धरणं कसलं?" मिर्का म्हणाली.

आता ती बंदराजवळच्या बेकरीत काम करते. परवा एका गिऱ्हाईक बाईने तिला ओळखलं. बेकरीतलं ते बोलणं मिर्काने घरी येऊन यार्नोला जसंच्या तसं सांगितलं.

"तूच ना गं ती? दोनदा बघितला तुझा खेळ. ढसाढसा रडले मी."

"खेळलात का?"

"आता खेळायचं काय उरलंय त्यात? बघितलं की सगळं! आणि त्या पोरीचं काही चुकलं नाही हो. करणार तरी काय होती ती?"

मिर्काने तिचा काळा पाव कागदात गुंडाळला आणि सुटे पैसे परत दिले.

रविवारी सकाळी मिर्काने मला उघडलं. शेवटचा प्रसंग ती स्वतः कधीच खेळली नव्हती, तो तपासायचं काम यार्नोचं. तिने बटणावर बोट ठेवलं. बर्फ फुटला. बाप ओरडला, आवाज यार्नोचाच आहे. तिने बोट घट्ट धरलं. तीन मिनिटं हा आकडा तिनेच घातलाय, तिला सगळं माहीत आहे. बाप दुसऱ्यांदा "सोड, पोरी!" म्हणाला आणि दहाव्या सेकंदाला तिचं बोट उचललं गेलं. पडदा पांढरा झाला. मग मला बंद करून ती बटाटे उकडायला ठेवायला गेली.

मी तिच्यावर रागावलो नाही. मला तिची फार दया आली.

मी अजून दुकानात आहे, यादीत खूप खाली, शोधलं तरच सापडेन असा. तुम्ही माझं नाव ऐकलं असेल, शेवटही कोणाच्या तरी डोळ्यांनी बघितला असेल. तरी एकदा या. स्वतःचं बोट ठेवा. बाप ओरडेल. त्याचं ऐकू नका.