एकोणनव्वद दिवसांची भरती

पूर्णगडला मुचकुंदीची खाडी समुद्राला मिळते, तिथे जेटीच्या अंगाला आप्पांनी एकोणीसशे शहाऐंशी साली एक खांब रोवला आणि त्यावर मापाच्या खुणा केल्या. तेव्हापासून दिवसाउजेडी येणारी एक भरती आणि एक ओहोटी ते रोज मोजत आले. शाळेत भूगोल शिकवत होते तोवर शाळेची वेळ सांभाळून, निवृत्त झाल्यावर सवडीने. वहीत वेळ, पाण्याची उंची, वारा आणि शेवटी मनात येईल ते एखादं वाक्य. एकोणचाळीस वर्षांच्या एकोणचाळीस वह्या झाल्या. एकही दिवस न चुकता नोंदी ठेवल्याबद्दल तालुक्याला त्यांचा सत्कार झाला होता; त्याचं मानपत्र पडवीत लावलेलं होतं.

या नोंदी पुण्याच्या एका संस्थेला हव्या होत्या. आप्पांची पुतणी मनस्विनी रत्नागिरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिने दोन वर्षं रविवार घालवून सगळ्या वह्या टाइप केल्या, दर वर्षाची एक फाईल. त्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन आली ती सगळं बांधून पाठवायलाच.

तिने काळा पडदा उघडला. त्यावर ना चित्र ना बटण, नुसती अक्षरं. तिने एक ओळ टाइप केली, कळ दाबली आणि म्हणाली, "झालं."

"काय झालं?"

"दाबून लहान केल्या सगळ्या फायली. या हुकमाला जीझिप म्हणतात. शहाण्णव सालची फाईल त्र्याहत्तर हजार अक्षरांएवढी जागा खात होती, आता साडेसतरा हजारांत बसली."

आप्पांनी चष्मा सारखा केला. "आणि उरलेलं काय केलंस? गाळलंस?"

"काही गाळलं नाही, काका."

"मने, मी शिक्षक होतो. चार शेर भात एका शेरात मावत नाही."

मनस्विनीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "हे बघा, 'वारा नैऋत्य' हे तुम्ही वर्षात शंभरदा लिहिलंय. हा हुकूम ते एकदाच ठेवतो. पुढच्या वेळी नुसतं लिहितो, इतकी अक्षरं मागे जा, तिथली एवढी उचल. नवं असेल तेवढंच पुरतं ठेवतो."

आप्पांचं समाधान झालं नाही. मग तिने ती लहान फाईल दुसऱ्या जागी नेऊन गनझिप नावाच्या हुकमाने उलगडली, आणि तिसऱ्या हुकमाने मूळ फाईल आणि उलगडलेली फाईल अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. पडद्यावर काहीच आलं नाही.

"गप्प का?"

"फरक सापडला तरच बोलतो. गप्प राहिला म्हणजे तंतोतंत जुळलं."

आप्पांनी तिला ती उलगडलेली फाईल उघडायला लावली. अकरा जुलैची नोंद त्यांनी स्वतः वाचली. 'पाणी चहासारखं. किनाऱ्याला नारळाचं अख्खं झाड लागलं.' ते झाड त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, मुळांसकट. एका क्षणापूर्वी ते कुठल्याशा खुणांमध्ये दुमडलेलं होतं आणि आता पानही न चुरगळता उभं होतं. इतकी वर्षं समुद्र बघून जे वाटायचं, तसलंच काहीतरी त्यांना त्या काळ्या पडद्यासमोर वाटलं.

"सगळ्या वर्षांचे आकडे दाखवता येतात?" त्यांनी विचारलं.

तिने यादी काढली. सतरा हजार, साडेसतरा, अठरा, पुन्हा सतरा. आप्पा बोट धरून खाली खाली आले. वर्ष कोरडं असो की वादळाचं, समुद्र सतरा हजारांच्या खाली उतरत नव्हता. त्याचं पुष्कळसं तेच ते असतं हे आप्पांना ठाऊक होतं. उधाणाची मोठी भरती, भांगाची लहान, पुन्हा उधाण. पण दर दिवसाचं काहीतरी त्या दिवसापुरतंच असतं, आणि ते कितीही दाबलं तरी दबत नाही, हे त्यांनी पहिल्यांदाच आकड्यात पाहिलं.

"हे एकच वर्ष वेगळं दिसतंय," मनस्विनी म्हणाली. "दोन हजार तीन. साडेतेरा हजार. बहुतेक माझ्याकडून काही टाइप करायचं राहिलं."

आप्पांचं बोट यादीवर तसंच राहिलं. तिच्याकडून काही राहिलं नव्हतं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं.

तिने फाईल उघडली, ओळी मोजल्या. तीनशे पासष्ट भरल्या. मग ती वाचायला लागली. 'पाणी गढूळ. रावजीची होडी उशिरा आली.' पंधरा दिवसांनी पुन्हा रावजीची होडी उशिरा आली. आणखी पंधरा दिवसांनी पुन्हा. तिने आप्पांकडे पाहिलं.

"फेब्रुवारी, मार्च, एप्रिल," आप्पा म्हणाले. "मी इथे नव्हतोच गो. तुझ्या काकूला घेऊन मुंबईला इस्पितळात होतो. वही बरोबर नेली होती. जानेवारीचे शेवटचे पंधरा दिवस सहा वेळा उतरवून काढले, नुसत्या तारखा बदलून. भरतीचं चक्र पंधरवड्याचं, त्यामुळे आकडे शोभून गेले. इतक्या लोकांनी वह्या चाळल्या, कोणाच्या लक्षात आलं नाही. याला मात्र कोणी न सांगता कळलं, आणि तेही चुटकीसरशी."

काकू, म्हणजे आनंदीबाई, कोकमाचं सरबत घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"माझ्या खाटेशी स्टुलावर बसून लिहायचात ते हे होय?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, घरी पत्रं लिहिताय. तुम्ही लिहीत बसलात की मला धीर यायचा. माणूस इतक्या शांतपणे लिहितोय, म्हणजे माझं काही फारसं बिघडलेलं नाही."

"शांत कुठला? हात थांबला तर काय करू ते कळत नव्हतं."

आनंदीबाईंनी पेले खाली ठेवले आणि त्यांच्याशेजारी बसल्या.

"काका, ते वर्षच वगळू का?" मनस्विनीने हळूच विचारलं.

"नको. नऊ महिने खरे आहेत त्यात. त्या तीन महिन्यांपुढे लिही, नोंद नाही. आणि का नाही तेही लिही."

तिने एकोणनव्वद ओळी बदलल्या. आप्पांनी सांगितलं तसं चार वाक्यांचं टिपण वेगळ्या फाईलीत लिहिलं: पत्नीच्या आजारपणामुळे निरीक्षक गावात नव्हता, मूळ वहीतल्या नोंदी नकललेल्या होत्या, त्या काढल्या आहेत. 'नकललेल्या' हा शब्द तिला सौम्य करायचा होता. त्यांनी करू दिला नाही. मग टार नावाच्या हुकमाने सगळ्या फायलींचं एक गाठोडं झालं, ते दाबलं गेलं, आणि जेटीवर जाऊन इंटरनेटला रेंज मिळाल्यावर तिने ते पाठवून दिलं.

चार दिवसांनी संस्थेतल्या बाईंचं उत्तर आलं. मनस्विनीने आप्पांना फोन करून ते वाचून दाखवलं. गाठोडं नीट उलगडलं, सगळं जुळलं. दोन हजार तीनचे ते तीन महिने टिपण नसतं तरी त्यांना खटकलेच असते, कारण त्यांचं गणित तिथे बसलं नसतं. टिपणामुळे बाकीच्या चौदा हजारांवर दिवसांवर विश्वास बसला, असं त्यांनी लिहिलं होतं. यंदाची वही कधी मिळेल, असंही विचारलं होतं.

आप्पांनी फोन ठेवला आणि पडवीतलं मानपत्र खाली काढलं. आनंदीबाईंनी ते पुसून कपाटात ठेवलं. तोवर पावणेअकराची भरती भरत आली होती. आप्पा वही घेऊन निघाले.

"मीही येते," आनंदीबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्या कधी खांबापर्यंत गेल्या नव्हत्या. दोघं उतरण उतरून जेटीवर आले. आप्पांनी खुणेवरचा आकडा वाचला, आणि लिहिण्याआधी तो त्यांना मोठ्याने सांगितला.