चौकटीतली मिरची

"आजी, काचेला बोट लावू नका."

गजराबाईंनी बोट काढलं नाही. काचेमागे मिरचीचं एक वाळलेलं झाड होतं, पानं आक्रसलेली. खाली पिवळ्या कागदावर शाईनं लिहिलेलं: 'मिरचीवरील बोकड्या रोग. सन १९७८. शेतकरी: गजराबाई. कारण: शेतकऱ्याचा आळस, वेळेवर निंदणी न करणे.'

"हाई गजराबाई म्हनजे मीच शे," त्या म्हणाल्या.

पुनीत सर गडबडले. लोणखेड्याच्या एका कॉलेजात पिकांच्या रोगांचे जुने नमुने तीन दिवसांसाठी मांडले होते. ते सगळं त्यांच्याच अंगावर होतं. लेबलावरची बाई जिवंत असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

गजराबाईंना ही बातमी नात काजलनं सांगितली होती. ती इथेच शिकते. लेबल वाचून मैत्रिणी तिला हसल्या होत्या.

त्या साली शेतकी खात्याचे साहेब रोग बघायला बांधावर आले, तेव्हा त्यांनी विचारलं, मिरची कोणाची? शेत नवऱ्याच्या, गिरधरच्या नावावर, बाजारात मिरची न्यायचा गिरधर. त्या दिवशी मात्र तो पटकन म्हणाला, "इन्हीच लायेल शे." साहेबांनी लिहून घेतलं. गावानं नाव ठेवलं, आळशीण. त्यानंतर गजराबाईंच्या वावरात गवताची काडी कुणाला दिसली नाही, पण गिरधरनं मरेपर्यंत त्यांना मिरची लावू दिली नाही. परसात दोन झाडं, तेवढीच.

"हाऊ कागद बदला," त्या म्हणाल्या.

"आजी, तो ऐतिहासिक आहे. जुन्या वस्तूला हात लावता येत नाही."

"मी त्यान्हापेक्षा जुनी शे. माले कोन्ही इचारं का?"

सर चौकट सरळ करू लागले.

"मंग मी आठेच बठसू," म्हणत गजराबाईंनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि चौकटीला लागून बसल्या. काजल कानाशी कुजबुजली, "माय, लोक देखी ऱ्हायनात." "देखू दे. त्यान्हासाठीच बठनू."

तेवढ्यात शाळेची पोरं रांगेनं आत आली. दोन वेण्यांची एक मुलगी मोठ्यानं वाचू लागली, "कारण, शेतकऱ्याचा आळस..."

"ती आळशी बाई मी शे. इकडे या."

पोरं खिदळली, पण आली. गजराबाईंनी पिशवीतून परसातली ताजी, वाकडी झालेली फांदी काढली. "पान उलटं कर. काय दिसस?"

मुलगी डोळे बारीक करून बघत राहिली. "आजी, पांढरं पांढरं... उडालं!"

"पांढरी माशी. हाई रोगट झाडना रस पेस, मंग चांगला झाडवर जाई बसस, आन् रोग तठे लई जास. नुसतं निंदीसन हाई थांबस का?"

"नाही!" पोरं ओरडली. प्रत्येकाला पान उलटून बघायचं होतं. गजराबाईंनी फांदी हातोहात फिरवली, एकालाही घाई केली नाही.

वेण्यांची मुलगी लेबलापाशीच अडून राहिली. "मग साहेबांनी खोटं का लिहिलं?"

"खोटं नही, बेटा. त्यास्ले माशी दिसनी नही. मी दिसनू."

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या बसनं आल्या. तिसऱ्याही दिवशी आल्या. दुपारी पुनीत सर एक कोरं कार्ड घेऊन समोर उभे राहिले. "आजी, जुना कागद राहू द्या. शेजारी हे लावू. तुम्ही सांगा, मी लिहितो. काय लिहू, गजराबाई गिरधर..."

"मिरची मन्ही व्हती. नुसतं गजराबाई." त्यांनी हात पुढे केला. "आन् पेन माले दे."

चौथीपर्यंतची शाळा आणि पन्नासेक वर्षं न धरलेलं पेन. 'कारण' लिहितानाच ओळ खाली उतरू लागली. मागे आणखी एका शाळेची रांग दारापर्यंत गेली होती. सर पोरांना पुढे सरकवायला वळले, पण मग तसेच उभे राहिले. गजराबाई 'माशी'वरची वेलांटी सावकाश वळवत होत्या.