शेवटची वीस मिनिटं

माझं तोंड फटकळ आहे, हे मखमलाबादात कुणालाही विचारा. फूलबाजारात माझ्याशी घासाघीस करायची तर गिऱ्हाईक दोनदा विचार करतं. पण ह्याच तोंडानं मी माझ्या संसाराचं काय केलं, ते ऐका.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आमचे हे, सहादू, सातपूरला पंपांच्या एका कंपनीत टेंपरवारी होते. सात महिने काम झालं की ब्रेक, मग पुन्हा गेटवर जाऊन उभं राहायचं. कंपनीची फुटबॉलची टीम होती, तिच्यात हे खेळायचे. खेळायचे कसले, बाकड्यावर बसायचे! मॅच संपायला वीस मिनिटं उरली की टीमला शिकवणारे चिमाजी मास्तर ह्यांना आत सोडायचे. सहादू उतरला की गोल झालाच म्हणून समजा, असं लोक म्हणायचे. मी काही कधी बघायला गेले नव्हते. फुलं तोडा, माळा करा, बाजार गाठा, वेळ होता कुठं?

त्या वर्षी कळलं की खेळाडूंमधून एकाला परमनंट करणार. टेंपरवारीतले दोघंच टीममध्ये होते, हे आणि गोटीराम. गोटीराम कायम पहिल्या अकरात. पेपरात त्याचं नाव यायचं, ह्यांचं नाही. झालं, माझं डोकं फिरलं.

"बाकड्यावरच्या माणसाला कोण परमनंट करतंय?" मी म्हणाले. "शेवटच्या पंगतीला बसवल्यासारखे बसता तिथं. लाज नाय वाटत?"

हे आपले बूट पुसत बसले. मग मी काय करावं? ह्यांना न सांगता सरळ मास्तरांच्या घरी गेले.

मास्तर चहा पीत होते. म्हणाले, "वहिनी, सहादू तासभर बाकड्यावर बसून समोरच्यांचा बॅक, म्हणजे बचावाचा गडी, बघतो. तो कुठल्या बाजूला वळताना अडखळतो, कधी दमतो, सगळं टिपून घेतो. मग उतरतो. त्याची चव शेवटीच आहे. लोणचं समजा."

"लोणच्यानं पोट भरत नाय मास्तर," मी म्हणाले. "पोट भाकरीनं भरतं. फायनलला ह्यांना पहिल्यापासून घ्या, नाहीतर माझी दोन लेकरं तुमच्या दारात आणून बसवते."

मास्तर हसले नाहीत. "बघतो," म्हणाले.

फायनल रविवारी होती, गोल्फ क्लबच्या मैदानावर. कंपनीच्या साहेबांच्या सत्काराच्या हारांची ऑर्डर आमच्याकडेच होती, त्यामुळे मी पहिल्यांदाच मॅचला गेले. चारची वेळ. साहेबांचा पत्ता नाही. साहेब लोक कधी वेळेवर आलेत! सत्कार नेहमी हाफटाइमलाच व्हायचा म्हणे.

हे अकरा जणांत उभे होते, गोटीराम बाकड्यावर. खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. शेजारच्या बाईला मी सांगितलंसुद्धा, "ते बघा, आमचे."

शिट्टी वाजली आणि हे जे सुटले! सगळीकडे हेच. आयुष्यभर वीसच मिनिटं खेळलेला माणूस, पहिली वीस मिनिटंही शेवटची असल्यासारखी पळाला. दोनदा बॉल खांबाबाहेर गेला. समोरचे सगळे ताजे, कुणी अडखळेना. अर्ध्या तासात ह्यांचे हात कमरेवर आले. मग रेषेजवळ वाकून ओकले. ह्यांच्याच पायातून बॉल गेला आणि आमच्यावर गोल चढला. हाफटाइमला मास्तरांनी ह्यांना काढलं आणि गोटीरामला घेतलं.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. बरोबर मुंबईच्या हेड ऑफिसचे मोठे साहेब. मी हारांचं ताट धरून मास्तरांच्या मागं उभी होते.

आमचे साहेब खुशीत म्हणाले, "चिमाजी, तुमचा तो शेवटी उतरणारा कधी येणार? मागच्या दोन्ही मॅचला मी उशिराच पोचलो, त्याचेच गोल बघितले. आज मोठ्या साहेबांना मुद्दाम दाखवायला आणलंय. ह्यांनी हो म्हटलं की परमनंटची ऑर्डर काढतो."

मास्तरांनी वळून माझ्याकडे बघितलं. "साहेब, आज तो पहिल्यापासून खेळला. बाहेर आलाय."

"मग घ्या परत."

"एकदा काढला की परत घेता येत नाही. नियम आहे."

साहेब, चूक माझी आहे, एवढंच बोलायचं होतं मला. सगळ्या बाजाराला ऐकू जाणारं माझं तोंड, पण ऐन वेळेला दातखीळ बसली. हार घातले गेले, टाळ्या वाजल्या. ताज्या दमाच्या गोटीरामनं दोन गोल मारले. मोठे साहेब उठता उठता म्हणाले, "हाच घ्या की." ऑर्डर गोटीरामला मिळाली. ह्यांना पुढच्या महिन्यात ब्रेक मिळाला आणि परत बोलावणं आलंच नाही.

चार महिने मी ते पोटात ठेवलं. एका सकाळी आम्ही दोघं शेवंती तोडत होतो, तेव्हा मात्र राहवेना.

"अहो, मास्तरांकडे मी गेले होते," मी म्हणाले. "तुम्हाला पहिल्यापासून खेळवा म्हणून भांडले. तुमची नोकरी मी घालवली."

"माहीत आहे," हे म्हणाले. "मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी मला विचारलं होतं. सहादू, तुला झेपायचं नाही, काय करू, म्हणाले. मीच खेळतो म्हणालो."

मला संतापच आला. "झेपणार नाय हे ठाऊक होतं, तर नाय म्हणायला तोंड नव्हतं का तुम्हाला?"

हे टोपलीत फुलं टाकत राहिले. मग म्हणाले, "तू हार घेऊन येणार होतीस ना. तुझ्यासमोर बाकड्यावर बसायचं नव्हतं मला."

मी तिथंच सरीत बसले आणि मोठ्यानं रडले.