तीन दिवस मास्तरांच्या पोटात

मी एक जुनी टाचणी आहे, मित्रांनो. कारखान्यात तार ओढून, तोडून, घासून मला टोक काढलं, वर काचेचं निळं डोकं बसवलं आणि एका शिंप्याकडे धाडलं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षं काढली. किती कॉलर आणि बाह्या मी धरून ठेवल्या असतील! पण कपडा तयार झाला की वाहवा शिलाईची व्हायची आणि मला उपसून बाजूला ठेवायचे. असो.

मास्तरांना माप बसवताना टाचण्या ओठांत धरायची सवय होती. जेवायचेही ते मशीनपाशी, उभ्या उभ्या, घास धड न चावता. शेजारी बसून काजं करणारी त्यांची लेक रोज कुरकुरायची; गिऱ्हाईक खोळंबलंय, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एका दुपारी त्यांनी ओठांतल्या चार टाचण्या काढल्या आणि घाईघाईने घास घेतला. पाचवी मी, गालापाशीच राहिले होते.

अन्ननलिकेतून नुसतं घसरत जायचं असेल असं मला वाटलं होतं. पण ती मुठीसारखी आवळत आवळत मला खाली ढकलत होती. मग जठर आलं. तिथल्या जळजळीत आंबट रसाने माझी चकाकी गेली. न चावलेले घास घुसळून घुसळून जठर बिचारं मेटाकुटीला आलं होतं. घासांची पातळ पेज झाली की खालचं दार किलकिलं व्हायचं आणि थोडी थोडी पेज पुढे जायची. तिच्याबरोबर मीही गेले.

तोवर लेकीने मास्तरांना दवाखान्यात नेलं होतं. पोटाचा एक्स-रे फोटो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टाचणी आता नळी घालून काढता येईल अशा जागी नाही. बहुतेक वेळा आपोआप बाहेर पडते. पण आतडं भोसकलं, तर पोट उघडावं लागेल." रोज फोटो काढायचा आणि वाट पाहायची असं ठरलं. लेक रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी मला इतकी वर्षं सांभाळलं, त्यांच्याच जिवावर मी उठले होते, आणि मला साधं वळताही येत नव्हतं.

लहान आतडं मास्तरांच्या उंचीच्या तीन-चार पट लांब, वेटोळं घालून बसलेलं. आतून मखमलीसारखी बारीक लव. यकृताचं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस पेजेत मिसळत होते, आणि ती लव अन्नाचा कण न् कण टिपून रक्ताच्या हवाली करत होती. एका वळणावर माझं टोक भिंतीला टेकलं. आता सगळं संपलं, असं वाटलं. तेवढ्यात भिंत हळूच मागे सरली. मागून लाट आली, तिने मला फिरवलं. डोकं पुढे झालं, टोक मागे. हे त्या आतड्याला कुणी शिकवलं होतं?

पुढे मोठ्या आतड्यात उरलेलं पाणी शोषलं जात होतं आणि चोथा घट्ट होत होता. त्या चोथ्यात गुरफटून तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर पडले. नाक मुरडू नका. त्या चोथ्यानेच मास्तरांना वाचवलं.

शेवटच्या फोटोत पोट मोकळं दिसलं. लेकीने मला धुऊन एका बाटलीत ठेवलं. मास्तरांनी ती बाटली हातात घेतली आणि लेकीला म्हणाले, "आत कुणीतरी माझ्यासाठी राबत होतं गं. आणि मी त्यांना आजवर एक घास धड चावून दिला नाही."

त्या दुपारी त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि लेकीसमोर जेवायला बसले.

मित्रांनो, तुमच्या पोटातही ही मंडळी दिवसरात्र राबतात. त्यांच्यापाशी रस आहेत, लव आहे, चिकाटी आहे. दात मात्र नाहीत. ते काम तेवढं तुम्ही करा.