शंभरातल्या बावीस हाका

मी स्प्लिटर बोलतोय. नाव ऐकून घाबरू नका. काडेपेटीएवढा लोखंडी जीव आहे मी. टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटून राहायचं, बाहेरची केबल आत घ्यायची आणि दोघांना वाटून द्यायची. एक वाटा टीव्हीला, दुसरा इंटरनेटच्या मोडेमला.

सात वर्षांपूर्वी केबलवाल्याने मला या घरात ठोकलं आणि तो विसरून गेला. माझी विचारपूस केली ती एकट्या काकूंनी. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायच्या. काय बरं वाटायचं! तेच पाणी केबल फिरवून बसवायच्या आट्यांमधून माझ्या पोटात उतरतंय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

काका जन्मभराचे घड्याळजी. दुकान मुलाकडे सोपवल्यावर कॉम्प्युटरवर एका जुन्या दोस्ताशी बुद्धिबळ खेळू लागले. दोघांना दहा-दहा मिनिटं. हल्ली मात्र काका दर डावात वेळ संपून हरत. मोहरा हलवला की तो तीन-चार सेकंदांनी हले. काकांना वाटे, आपलंच बोट उशिरा पडलं.

काकू म्हणाल्या, "डोकं गंजलंय तुमचं. तेल घाला!"

काका हसले नाहीत. "घड्याळजीलाच वेळ पुरेना. संपलं आता. उद्यापासून खेळणं बंद."

दोन दिवस ते नुसते खिडकीपाशी बसून राहिले. मग काकूच घाबरल्या आणि निदान इंटरनेट तरी तपासून घेऊ म्हणून त्यांनी केबलवाल्याला बोलावलं.

त्याने मोडेम बदलला. फरक शून्य. "काका, मी पलीकडच्या मशीनला शंभर हाका मारतो," तो म्हणाला. "याला पिंग म्हणतात. किती वेळा ओ येते बघू."

अठ्ठ्याहत्तर वेळा आली, तीही रमतगमत. बावीस हाका वाटेतच गडप!

मग त्याने मला वगळून केबल थेट मोडेमला जोडली. शंभराला शंभर, तीही झटपट. त्याने मला खाली उतरवून आत डोकावलं. "पार गंजलाय. इथे पाणी कुठून आलं?"

सगळ्यांची नजर काकूंच्या हातातल्या फडक्यावर.

"मग काय धूळ बसू द्यायची होती?" काकू उसळल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे यांचं डोकं ठीक आहे ना?"

"डोकं तपासायचं मशीन नाही माझ्याकडे, काकू. पण खोट या डबीत होती, एवढं नक्की."

माझ्या जागी नवा भाऊ बसला. केबलवाल्याचा चहा होईपर्यंत काकांनी डाव मांडलासुद्धा. थोड्या वेळाने आरोळी आली, "हरलो!"

काकू धावल्या. "अहो, परत?"

"अगं, चार मिनिटं हातात ठेवून हरलो! घोडाच दिसला नाही मला. थांब, दुसरा डाव लावतो."

मी आता केबलवाल्याच्या पिशवीत आहे. पुढचा मुक्काम भंगारात. काकूंवर माझा राग नाही. एवढंच मागतो: माझ्या भावाला कोरड्या फडक्याने पुसा. आणि घरातलं माणूस उत्तराला उशीर करू लागलं, तर त्याला बोल लावण्याआधी एकदा वायरी तपासून घ्या.