चिकटवलेला सूर

मी नादकाटा बोलतोय. मधले दोन महिने माझी वाचा गेली होती, एका कलावंताच्या कृपेनं.

शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही मला पाहिलं असेल. खाली पोलादी दांडा, वर दोन भुजा. भुजा आपटल्या की थरथरतात आणि मी एकच सूर देतो. एकच, पण खरा. माणसांचं तेवढंही नसतं.

माझे मालक पियानो सुरात लावायचे. चाळीस वर्षं त्यांच्या खिशातून घरोघर हिंडलो. बहुतेक घरांत पियानोचा उपयोग एकच, वर फोटो मांडायचे! पुढे मालकांचे कान गेले, काम सुटलं. तरी रोज सकाळी ते मला गुडघ्यावर आपटायचे आणि दांडा कानामागच्या हाडाला टेकवायचे. हाडातून माझा सूर त्यांना लख्ख ऐकू यायचा. तेवढाच एक आवाज त्यांना उरला होता.

जावईबापू चित्रकार. फाटकी वर्तमानपत्रं, कॅसेटच्या फिती, तुटक्या तारा, दिसेल ते फळीवर चिकटवायचे. त्याला कोलाज म्हणतात म्हणे. या खेपेचा विषय होता 'ऐकणं'.

"बाबांना ऐकू तर येत नाही, मग हा काटा कशाला हवाय त्यांना?" ते बायकोला म्हणाले.

"अहो, विचारा तरी त्यांना."

"छे गं, सरप्राईज देऊ!"

आणि या गृहस्थांनी मला भुजांनीच चिकटवलं! दांडा मोकळा, भुजा डिंकात. गाढवाला गुळाची चव काय! तिकडे मालक दोन महिने गादीखाली, कोटांच्या खिशांत मला शोधत राहिले. "सापडेल हो बाबा," म्हणताना लेकीची मान खाली जायची.

प्रदर्शनात एक विद्वान माझ्यापुढे डोळे मिटून म्हणाले, "काय मौन आहे या काट्यात!" मौन कसलं डोंबलाचं, तोंड बांधलं होतं माझं.

मग मालक आले. मला ओळखलं, नखानं टिचकी मारली. ठक्. त्यांनी खिशातून चाकू काढला.

"बाबा, अहो, कलाकृती आहे ती!" जावईबापू ओरडले. मालकांना ऐकू आलं नाही. बहिरेपणाचेही फायदे असतात. मी सुटलो, तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

मालकांनी मला गुडघ्यावर आपटून हाडाला टेकवलं. कपाळाला आठी पडली. "उतरलाय. केसभर."

खरंच होतं. डाव्या भुजेवर डिंकाचा थर होता. मालकांनी तिथंच बाकावर बसून तो खरवडला, पुन्हा आपटलं. "हं. आला."

लेक बघतच राहिली. तेव्हा मालकांनी मला पुन्हा वाजवलं आणि दांडा तिच्या कानामागं टेकवला. तिनं दचकून डोळे मोठे केले.

"बाबा, एवढं ऐकू येतं तुम्हाला?" ती म्हणाली आणि रडायला लागली. तिचं बोलणं मात्र त्यांना ऐकू आलं नाही.

हल्ली मी पुन्हा मालकांच्या खिशात असतो. फळीवरच्या माझ्या रिकाम्या जागेचंही लोक कौतुक करतात, करोत बापडे. तुम्हाला एवढंच सांगतो: म्हाताऱ्याची वस्तू उचलण्याआधी एकदा त्याला विचारा. ऐकू येत नसेल, तर लिहून विचारा.